अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरूनच झालं, आणि ते पेटलं जमिनीवरून

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, की गुलामगिरी हे नंतर चिकटवलेलं कारण आहे, खरा मुद्दा राज्यांच्या हक्कांचा होता, किंवा टॅरिफचा, म्हणजे आयात मालावरच्या कराचा होता, किंवा उत्तरेच्या कारखानदारांना दक्षिण गिळायची होती. असं म्हणणारी माणसं चांगली शिकलेली, वाचणारी असतात. शाळेत सांगतात ते सोपं करून सांगितलेलं असतं आणि आतली गोष्ट वेगळीच असते असं मानायला आपल्याला आवडतं, आणि बरेचदा ते खरंही निघतं. पण या बाबतीत नाही. इथे दक्षिणेतली जी राज्यं अमेरिकेतून फुटून निघाली त्यांनीच का निघतोय ते लिहून ठेवलंय, सह्यांनिशी.

माझं म्हणणं दोन भागांत आहे. पहिला भाग म्हणजे युद्ध गुलामगिरीवरून झालं, यात शंका घ्यायला जागा नाही. दुसरा भाग लोक सहसा बोलत नाहीत तो. गुलामगिरी तर तिकडे दोनशे वर्षं होती, मग 1861 लाच का फुटलं? तर त्याचं उत्तर आधीच्या युद्धांत आहे. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकेची युद्धं आपण सुटी सुटी वाचतो, 1812 चं वेगळं, मेक्सिकोचं वेगळं, यादवी वेगळी, तिथल्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे इंडियन लोकांशी झालेल्या लढाया तर कुठेतरी कोपऱ्यात. ती एकापाठोपाठ ठेवून वाचली की दिसतं की प्रत्येक युद्धात जमीन मिळाली आणि त्या जमिनीचं करायचं काय यावरून पुढचं भांडण उभं राहिलं.

1812 पासूनच घ्या. ते युद्ध ब्रिटनशी होतं, कारणं होती अमेरिकन खलाशांना ब्रिटिश आरमार जबरदस्तीनं पकडून नेत होतं ते, व्यापाराची अडवणूक, आणि काही लोकांना कॅनडा हवा होता. डिसेंबर 1814 ला घेंटमध्ये तह झाला आणि सीमा जिथे होत्या तिथेच राहिल्या, म्हणून पुस्तकात लिहितात की कोणीच जिंकलं नाही. पण हे वाक्य ब्रिटन आणि अमेरिका एवढ्या दोघांपुरतंच खरं आहे. त्याच काळात अमेरिकेचा सेनापती अँड्र्यू जॅक्सन दक्षिणेत क्रीक या मूळ रहिवासी जमातीशी लढत होता, आणि ऑगस्ट 1814 मध्ये फोर्ट जॅक्सनच्या तहात त्यानं क्रीकांकडून 2 कोटी 30 लाख एकरांच्या आसपास जमीन लिहून घेतली, आजचा अर्ध्याहून जास्त अलाबामा आणि जॉर्जियाचा दक्षिण भाग. त्यात जे क्रीक त्याच्याच बाजूनं लढले होते त्यांचीही जमीन गेली. उत्तरेत टेकुमसे 1813 मध्येच लढताना पडला होता, म्हणजे सगळ्या जमातींना एकत्र आणणारा जो एक माणूस होता तोही गेला. तेव्हा कोणीच जिंकलं नाही असं नाही, हरणारे ठरलेले होते आणि ते तहाच्या टेबलावर नव्हतेच.

ही जमीन कशाची होती तर कापसाची. आपल्या विदर्भ-खानदेशातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको की कापूस वेचायला हात लागतात आणि सरकी काढायला त्याहून जास्त. सरकी काढायचं जिन 1793 ला आलं आणि आखूड धाग्याचा कापूस एकदम परवडायला लागला, मग अडलं ते जमिनीसाठी आणि वेचणाऱ्या हातांसाठी. जमीन क्रीकांची, मग मूळ रहिवाशांना पश्चिमेला हटवायच्या 1830 च्या कायद्यानं चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ या सगळ्या जमातींची. 1838 मध्ये चेरोकींना हाकलून पश्चिमेला चालत नेलं त्यात साधारण 4,000 माणसं मेली असं धरतात. आणि हात गुलामांचे. बाहेरून गुलाम आणायला 1808 पासून बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडकडून साधारण दहा लाख माणसं पुढच्या पन्नास वर्षांत खाली दक्षिणेत नेली गेली, बरीचशी विकून, साखळीनं बांधून पायी चालवत, नवरा इकडे बायको तिकडे. म्हणजे गुलामगिरी जुनी पडत चालली होती आणि आपोआप संपलीच असती असं जे सांगतात त्यांनी हे बघावं, 1860 च्या जनगणनेत गुलामांची संख्या 39 लाखांच्या वर होती, इतकी आधी कधीच नव्हती.

मग टेक्सास, तेव्हाचा मेक्सिकोचा प्रांत. मेक्सिकोनं 1820 च्या दशकात अमेरिकन वसाहतवाल्यांना स्वतः जमिनी दिल्या, ते आले गुलाम घेऊन, आणि 1829 मध्ये मेक्सिकोनं गुलामगिरीच बंद केली. टेक्सासच्या बंडाला बाकीही कारणं होती, मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आना याचा सगळी सत्ता मेक्सिको सिटीत ओढायचा कारभार हे मोठं कारण, पण 1836 मध्ये नव्या टेक्सास प्रजासत्ताकानं जी घटना केली तिच्यात गुलाम ठेवण्याचा हक्क पक्का केलाय हे विसरता येत नाही. 1845 ला टेक्सास अमेरिकेत घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध. प्रेसिडेंट पोक यांनी न्युएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधल्या वादग्रस्त पट्ट्यात फौज पाठवली, तिथे चकमक झाली, आणि पोक यांनी काँग्रेसला सांगितलं की अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलं. खरं तर चकमकीची बातमी वॉशिंग्टनला पोचायच्या आधीच त्यांनी कॅबिनेटशी युद्धाचं बोलून ठेवलं होतं. इलिनॉयचा एक नवा खासदार डिसेंबर 1847 मध्ये उठून विचारायला लागला की ती जागा नेमकी कुठली, जिथे रक्त सांडलं ती अमेरिकेची होती का ते दाखवा. त्याचं नाव अब्राहम लिंकन. तेव्हा त्याला कोणी फारसं विचारलं नाही, उलट त्याच्याच भागातले लोक नाराज झाले.

फेब्रुवारी 1848 मध्ये ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला. टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त देश गेला, बदल्यात दीड कोटी डॉलर. कॅलिफोर्नियात सोनं सापडून तेव्हा दहा दिवससुद्धा झाले नव्हते आणि तहावर सह्या करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या मते यादवी युद्ध इथूनच चालू झालं. कारण एवढी जमीन मिळाल्यावर प्रश्न असा की तिथे गुलाम चालणार का नाही. युद्ध चालू असतानाच, ऑगस्ट 1846 मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मट यांनी दुरुस्ती मांडली की मेक्सिकोकडून जी काही जमीन मिळेल तिथे गुलामगिरी नको. खालच्या सभागृहात पास, सिनेटमध्ये अडकली, आणि मतं पक्षावर न पडता उत्तर-दक्षिण अशी पडली. आणि उत्तरेला फार मोठं संत करायचंही कारण नाही, कारण विल्मट यांचं म्हणणं होतं की ही जमीन गोऱ्या कष्टकरी माणसासाठी राहावी, काळ्या माणसाच्या दुःखाची काळजी त्यांना मुख्यतः नव्हतीच. तरी भांडण कशावरून होतं ते स्पष्ट आहे. 1850 ची तडजोड, पळून आलेले गुलाम पकडून द्यायचा कडक कायदा, गुलाम चालणार का नाही ते तिथल्या वसाहतवाल्यांवर सोडणारा 1854 चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणि कॅन्ससमधले मुडदे, काँग्रेसला नव्या प्रदेशांत गुलामगिरी बंद करता येत नाही असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा 1857 चा ड्रेड स्कॉट निकाल, सगळं त्याच एका प्रश्नावर फिरतंय. मेक्सिकोच्या युद्धात तरुण लेफ्टनंट म्हणून लढलेला युलिसिस ग्रँट म्हातारपणी लिहून गेला की बलाढ्य देशानं दुबळ्या देशावर केलेल्या सर्वांत अन्यायी युद्धांपैकी ते एक होतं, आणि दक्षिणेचं बंड बरंचसं त्यातूनच उगवलं. ज्यानं यादवी युद्ध जिंकून दिलं त्या सेनापतीचं हे मत आहे, ते वजन देऊन वाचायला हवं.

आता राज्यांच्या हक्कांचं बघू. साउथ कॅरोलायना 20 डिसेंबर 1860 ला फुटलं आणि चार दिवसांनी कारणांचा जाहीरनामा काढला. त्यात तक्रार काय आहे? तर उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत, स्वतःचे कायदे करून केंद्राचा कायदा निकामी करतात, न्यूयॉर्कमधून तर गुलाम घेऊन नुसतं जाताही येत नाही. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपापले हक्क वापरले हीच तक्रार आहे! मिसिसिपीनं तर आडपडदाच ठेवला नाही, आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे असं सरळ लिहिलं. मार्च 1861 मध्ये सव्हॅनाला भाषण करताना फुटलेल्या राज्यांच्या नव्या संघाचे, म्हणजे कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स म्हणाले की आमच्या सरकारची कोनशिला या सत्यावर उभी आहे की निग्रो गोऱ्या माणसाच्या बरोबरीचा नाही. आणि त्यांची घटना काढून वाचा, तिच्यात गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा त्यांच्या काँग्रेसला करताच येणार नाही असं कलम आहे. टॅरिफचं म्हणाल तर ज्या जास्तीच्या टॅरिफकडे बोट दाखवतात तो मार्च 1861 मध्ये सही होऊन आला, तोवर सात राज्यं बाहेर पडलेली होती आणि त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणूनच तो पास झाला. त्याआधीचा 1857 चा टॅरिफ कमी होता आणि दक्षिणेला तो मान्य होता.

आणि हेच स्टीव्हन्स, आणि कॉन्फेडरसीचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, हरल्यानंतर जाडजूड पुस्तकं लिहून सांगायला लागले की मुद्दा घटनेचा होता, गुलामगिरी निमित्तमात्र. माझा साधा नियम असा आहे की माणूस जिंकायच्या आशेत असताना जे कारण सांगतो ते खरं धरावं, हरल्यावर सांगितलेलं तपासून घ्यावं.

एक आक्षेप मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे, तो म्हणजे लिंकननं स्वतःच ऑगस्ट 1862 मध्ये लिहिलं की एकाही गुलामाला मुक्त न करता युनियन, म्हणजे देशाची एकी, वाचत असेल तर मी तसं करीन. बरोबर आहे, लिहिलंय. पण दक्षिण का फुटली हा एक प्रश्न आणि उत्तर का लढली हा दुसरा, दोन्ही एकत्र कालवले की गोंधळ होतो. उत्तर सुरुवातीला युनियनसाठीच लढली. ते बदललं त्यात लिंकनइतकाच हात खुद्द गुलामांचा आहे. मे 1861 मध्ये व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर आले, मालक त्यांना कॉन्फेडरेट तोफखान्याच्या कामावर जुंपत होता. दुसऱ्या दिवशी तिकडचा अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला की कायद्याप्रमाणे आमची माणसं परत द्या. किल्ल्यावरचा जनरल बेंजामिन बटलर मुळात वकील, तो म्हणाला, व्हर्जिनिया स्वतःला परदेश म्हणवते ना, मग अमेरिकेचा कायदा परदेशाला कसा लागू होईल, ही शत्रूच्या कामात वापरली जाणारी मालमत्ता आहे म्हणून मी ती जप्त करतो. माणसाला मालमत्ता म्हणणं वाईटच, पण त्या एका युक्तिवादानं दार उघडलं, आठवड्याभरात बायकापोरांसकट माणसं यायला लागली, नंतर हजारोंनी. लिंकनच्या 1 जानेवारी 1863 च्या गुलाममुक्तीच्या घोषणेनंतर जवळपास 1 लाख 80 हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत भरती झाले. त्यांच्यापुरतं तरी युद्ध कशावरून चाललंय याबद्दल काही गोंधळ नव्हता.

या युद्धाची झळ आपल्याकडेही आली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या, मग मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सट्टेवाले शेठ प्रेमचंद रायचंद आणि समुद्र हटवून जमीन करायच्या बॅक बे रेक्लमेशनचे शेअर आणि रोज नवी कंपनी, आणि एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्याची बातमी पोचल्यावर भाव कोसळले आणि 1 जुलैला सगळं बसलं. शेठ लोकांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कुणब्याची कमी. तेजीत सावकारानं हात सैल सोडून कर्ज दिलं, मग भाव गेले, 1867 नंतर इंदापूरकडे साराही वाढवला, आणि 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांची खतं जाळली त्यामागच्या कारणांत हेही एक आहे.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा दुवा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' काढलं ते अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना सोडवायला त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. पुण्यातल्या माणसाला 1873 मध्ये या युद्धाचं कारण नीट कळलेलं होतं. आणि त्याच वर्षी, 13 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात गोऱ्यांच्या जमावानं कोर्टाची इमारत पेटवून आतल्या काळ्या लोकांना मारलं, शरण आलेल्यांनाही. आकडे 60 पासून 150 पर्यंत सांगतात. 1876 मध्ये सुप्रीम कोर्टानं ज्या थोड्याजणांना शिक्षा झाली होती त्यांनाही सोडलं, कारण काय तर सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी घटनेची चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी माणसांना नाही. 1950 मध्ये तिथे सरकारी पाटी लागली की इथे दंगल झाली आणि उत्तरेतून आलेल्या उपऱ्यांच्या बेबंदशाहीचा शेवट झाला. ती पाटी 2021 मध्ये काढली.

म्हणून परिणामांबद्दल बोलताना 1865 ला थांबता येत नाही. सहा-साडेसात लाख माणसं मेली, गुलामगिरी कायद्यानं गेली, घटनेची तेरावी चौदावी पंधरावी दुरुस्ती (गुलामगिरीबंदी, नागरिकत्व, मताचा हक्क) झाली, हे सगळं मोठंच आहे आणि ते कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण हातात काय आलं? जानेवारी 1865 मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मननं सव्हॅनात वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं की तुम्हाला काय हवं. त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझर बोलले, आम्हाला जमीन द्या, आम्ही ती आमच्या कष्टानं कसू. चार दिवसांत शर्मनचा हुकूम निघाला, किनाऱ्यावरची बेटं आणि भातखाचरं, कुटुंबाला 40 एकरांपर्यंत. 40 हजारांच्या आसपास लोक तिथे वसले, पेरणी केली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि नवे प्रेसिडेंट अँड्र्यू जॉन्सन मळेवाल्यांना माफी देत सुटले, माफीबरोबर जमीनही परत.

ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलायनाच्या एडिस्टो बेटावर ही बातमी सांगायला जनरल हॉवर्डला पाठवलं. हा माणूस मनानं चांगला होता, मुक्त झालेल्यांसाठीच्या खात्याचा प्रमुख, 1862 च्या लढाईत त्याचा उजवा हात गेलेला. चर्चमध्ये लोक जमले, तो बोलायला लागला आणि गलका झाला, नाही नाही म्हणून. मग त्यांनी तिघांची कमिटी नेमली आणि कमिटीनं पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात, तुम्ही आम्हाला जमीनमालकांना माफ करा असं सांगता, तुमचा तर युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही माफ करू शकाल. ज्या माणसानं मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि जो आता मला त्याच्या अटींवर राबल्याशिवाय रिकाम्या झोपडीतही राहू देणार नाही, त्याला मी माफ करू शकत नाही. जमीन गेलीच. आणि हेही लक्षात ठेवा की 1862 मध्ये वॉशिंग्टन शहरात गुलामगिरी बंद केली तेव्हा सरकारनं एका गुलामामागे 300 डॉलरपर्यंत भरपाई दिली होती, मालकांना.

यानंतर जे झालं ते यातूनच झालं असं मला ठामपणे वाटतं. मत दिलं पण जमीन नाही, मग मताचं रक्षण करायला फौज लागते, आणि 1877 मध्ये प्रेसिडेंट कोण यावरच्या सौद्यात फौज काढून घेतली. जमीनदाराच्याच शेतात वाट्यानं राबणाऱ्या, त्याच्याच दुकानातून उधार खाणाऱ्या माणसानं त्याच्याविरुद्ध मत कसं द्यायचं? 1890 पासून मिसिसिपीनं, मग बाकीच्यांनी, मतदानाचा कर आणि वाचनाच्या परीक्षा लावून तेही काढून घेतलं. ते परत मिळायला 1965 उजाडलं. कसेल त्याची जमीन ही मागणी आपल्याकडे कशासाठी झाली ते ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजायला अवघड नाही.

आणि मुक्त झालेल्यांना जमीन द्यायला ज्या सरकारकडे मन नव्हतं तेच सरकार पश्चिमेला मूळ रहिवाशांची जमीन घेत होतं, यादवीत उत्तरेकडून लढलेले शर्मन, शेरिडन, कस्टर हीच मंडळी तिकडे. 1868 च्या फोर्ट लॅरामीच्या तहानं ब्लॅक हिल्सचे डोंगर लकोटा जमातीला कायमचे दिले, 1874 मध्ये तिथे सोनं निघालं, 1876-77 च्या युद्धात ते काढून घेतले. 1980 मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की हे डोंगर योग्य मोबदला न देता घेतले होते आणि व्याजासकट दहा कोटींहून जास्त डॉलर मंजूर केले. लकोटांनी ते पैसे आजपर्यंत उचललेले नाहीत, त्यांना डोंगर हवेत.

आता हे सगळं आज का उकरायचं, तर टेक्सासमध्ये 2010 च्या अभ्यासक्रमात युद्धाची कारणं म्हणून आधी प्रादेशिक वाद, मग राज्यांचे हक्क आणि शेवटी गुलामगिरी असा क्रम होता. 2018 मध्ये बऱ्याच वादानंतर तिथल्या शिक्षण मंडळानं तो बदलला, आणि आता गुलामगिरीच्या विस्ताराला मध्यवर्ती कारण म्हटलंय. विस्तार, म्हणजे नव्या जमिनीवर. डॅलस-ह्यूस्टनमधल्या आपल्या मराठी घरांतली पोरं हेच शिकतायत, आणि घरी आईवडील त्यांना टॅरिफचं सांगत असतील तर माझी विनंती आहे की साउथ कॅरोलायनाचा तो जाहीरनामा मुलांबरोबर बसून वाचा, अर्ध्या तासात होतो, टॅरिफचा त्यात उल्लेखच नाही. आणि त्याच्या जोडीला एडिस्टोच्या कमिटीचं पत्रही वाचायला द्या, कारण बहुतेक पुस्तकांत धडा लीच्या शरणागतीवर संपतो आणि ते पत्र त्याच्या सहा महिन्यांनंतरचं आहे.